बांधावरची झाडं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील उपप्राचार्य, ज्यांच्यासाठी आज हे सभागृह भरलं आहे ते आपले प्राचार्य सर, पहिल्या रांगेत बसलेल्या काकू, माझे सहकारी, कार्यालयातील आणि बागेतील मंडळी, आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

स्थापत्य विभागातर्फे कुणीतरी बोलायला हवं होतं. विभागातल्या ज्येष्ठांनी "तू त्यांची विद्यार्थिनी, तूच बोल" असं म्हणून हात झटकले. माझा दिवस माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत जातो, आणि मातीशी बोलावं लागत नाही. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात म्हणतात. माझी नेहमी टोपलीतच राहतात. आज मात्र ती विकली जावीत अशी माझी फार इच्छा आहे, म्हणून थोडा वेळ जास्त घेतला तर अध्यक्षांनी घंटी वाजवू नये.

सरांना विद्यार्थी 'ढेकूळ सर' म्हणतात. सर, आपल्याला हे ठाऊक नसेल असं समजण्याइतकी मी भोळी नाही. पहिल्याच तासाला सरांनी खिशातून एक ढेकूळ काढून माझ्या बाकावर ठेवलं आणि विचारलं, हे कुठून आलं असेल? मी पुस्तकातलं वर्गीकरण म्हणून दाखवलं. सरांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, आता जरा हातात घेऊन बघ. काकूंनी मला एकदा सांगितलं की लग्नानंतर कपडे धुवायला टाकण्याआधी ह्यांचे खिसे रिकामे करणं हाच त्यांचा अर्धा संसार होता. काकू हसताहेत, म्हणजे उरलेला अर्धाही फार वेगळा नसावा.

सर या महाविद्यालयात आले तेव्हा इथे पाणी टँकरने येत होतं. मागच्या उतारावरून पावसाचं पाणी सरळ रस्त्यावर जायचं आणि उन्हाळ्यात वसतिगृहातल्या मुली बादल्या घेऊन रांगेत उभ्या असायच्या. सरांनी तो उतार मातीचा बांध घालून अडवला. त्या तलावामुळे टँकर बंद झाले. मग छतावर सौर पट्ट्या आल्या, सांडपाणी शुद्ध करून बागेला जाऊ लागलं, आणि आवारात गाड्या आणायच्या नाहीत असा नियम झाला. तो मोडणाऱ्या पहिल्या माणसाला सरांनी स्वतः फाटकावर अडवलं होतं. ते कोण होते हे मी सांगणार नाही. ते व्यासपीठावर आहेत. इतर महाविद्यालयं हवामानबदलावर निबंधस्पर्धा घेत होती तेव्हा सरांनी पाण्याचं आणि विजेचं गणित बसवलं होतं. हे मी निरोपाचं भाषण म्हणून बोलत नाही. ते गणित मी तपासलं आहे.

आता बांधावरच्या झाडांविषयी.

दरवर्षी बाहेर पडणारी तुकडी बांधावर एक झाड लावते. या सभागृहातल्या बऱ्याच जणांचे त्या झाडांपाशी काढलेले फोटो असतील. प्रथा सुंदर आहे. पण ज्या वर्गात मी बसत होते त्या वर्गात सरांनीच शिकवलं होतं की मातीच्या बांधावर फक्त गवत वाढू द्यायचं. झाडाची मुळं बांधात खोल जातात, आणि झाड मेलं की मूळ कुजतं आणि त्याच्या जागी मातीत नळी उरते. पाण्याला तेवढी वाट पुरते. मी एकदा बांधावरून चालताना सरांना विचारलं होतं की मग ही झाडं कशी? सरांनी वाकून एका रोपाची काठी सरळ केली. मग म्हणाले, "पोरांच्या हातातलं रोप काढून घेणं मला जमलं नाही गं."

गेल्या दोन उन्हाळ्यांत त्यातली बरीच झाडं वाळली. तसे उन्हाळे आपल्याकडे पूर्वी नव्हते. माळीदादांना सांगितलं होतं तशी त्यांनी ती जमिनीलगत कापली. खोडं गेली, मुळं आत राहिली.

पावसाचंही तेच. बांधाचा हिशेब ज्या पावसावर केला होता तो हंगामभर थोडाथोडा पडायचा. आता तो दोन-तीन मुसळधार सरींत संपतो. गेल्या वर्षी जादा पाणी बाहेर सोडणारा सांडवा तुडुंब भरून वाहत होता आणि पाणी बांधाच्या माथ्यापासून हातभर खाली उभं होतं. आपण भिंतींवर हवामानबदलाची भित्तिपत्रकं लावली. बांधाचा हिशेब मात्र जुन्याच पावसावर राहू दिला. हा दोष एकट्या कुणाचा नाही. हिशेब पुन्हा करा असं विभागातल्या कुणीच, म्हणजे आम्हीही, म्हटलं नाही.

आपण म्हणाल, निरोपाच्या दिवशी हे कशाला? त्याचं कारण वसतिगृहामागच्या दोरीवर वाळत होतं.

बांधाच्या पायथ्याशी, मुली कपडे धुतात त्या फरशीजवळ, एक पाझर आहे. तो पहिल्यापासून आहे आणि त्यात काही वावगं नाही, मातीचा बांध पाझरतोच. मुली ते पाणी कपड्यांना वापरतात. या आठवड्यात एकीचा प्रयोगशाळेतला पांढरा कोट धुतल्यावर पिवळट निघाला. तिला वाटलं साबण वाईट. दुसरीचाही तसाच निघाला. वसतिगृहाच्या मावशी माझ्याकडे येऊन म्हणाल्या, नळाची दुरुस्ती तुमच्या खात्याकडे येते का? नळ ठीक होते. मी पाझराचं पाणी काचेच्या भांड्यात रात्रभर ठेवलं. सकाळी तळाशी मऊ, चिकट गाळ होता. ती माती उतारावरची नाही. बांधाच्या पोटात जी चिकणमाती भरली आहे, ती ही. कुठेतरी पाणी मुरतंय असं आपण सहज म्हणतो. इथे ते मुरत नाही, बांधाची माती आतून घेऊन बाहेर येतंय.

याबद्दल सरांचा एक नियम आहे. तो पुस्तकात नाही, ते वर्गात सांगायचे. पाझर नितळ असेल तर घरी जाऊन झोपा. गढूळ असेल तर आधी खालची माणसं हलवा, आणि त्याचं कारण नंतर शोधा.

मी त्याच सकाळी सरांकडे गेले. ते कपाटातली पुस्तकं खोक्यात भरत होते. भांडं त्यांनी उजेडात धरलं, बोट बुडवून गाळ चोळून बघितला. खेकड्यांनी पोखरलं असेल, म्हणाले. मी म्हटलं, "सर, चोळून बघायला आपणच शिकवलंत." त्यावर ते म्हणाले, "माझंच मला ऐकवू नकोस. नवे प्राचार्य पंधरवड्याने येतील, त्यांना सांग. मी काय जाताना तलाव रिकामा करून जाऊ?"

मी उपप्राचार्यांकडे गेले. पाणीटंचाईच्या वर्षी भांडणं झाली तेव्हापासून तलावाचं पाणी सोडणारा व्हॉल्व्ह फक्त प्राचार्यांच्या सांगण्यावरून उघडतो, हा संस्थेचा नियम आहे. उपप्राचार्य म्हणाले, सर आहेत तोवर मी कोण सांगणारा? आणि सर गेल्यावर, तलावाला ज्यांचं नाव देऊन आपण पाटी लावतोय त्यांचाच तलाव मी उपसायला लावू? लोक मला काय म्हणतील? ते आत्ता मान हलवताहेत, म्हणजे मी शब्द चुकवलेले नाहीत.

त्यांचा मुद्दा अवघड आहे हे मला मान्य आहे. पण सरांचा कार्यकाळ आज संध्याकाळी संपतो. त्यानंतर पंधरा दिवस तो व्हॉल्व्ह उघडा असं म्हणणारा माणूसच या आवारात नसेल. आणि उद्या रात्रीपासून जोरदार पावसाचा इशारा आहे. नामफलकाच्या फोटोत पाणी पायरीला टेकलेलं दिसावं म्हणून गेले आठ दिवस तलाव काठोकाठ ठेवला आहे. तो एकदम रिकामा करता येत नाही, तसं केलं तर बांधाची आतली बाजूच घसरेल. हळूहळू उतरवायचा तर पाऊस येईपर्यंतचा सगळा वेळ लागेल. आत्ता सुरू केलं तर पुरेल. उद्या सकाळी सुरू केलं तर पुरणार नाही.

बांध आज रात्री फुटेल असं मी म्हणत नाही. मला ते माहीत नाही. कुणालाच माहीत नसतं. गढूळ पाणी आठ महिने वाहून बांध उभा राहिल्याची उदाहरणं आहेत, आणि दुपारी गढूळ झालेलं पाणी संध्याकाळी घरात शिरल्याचीही. मला फक्त एवढं माहीत आहे की पायथ्यापासून वसतिगृहाच्या तळमजल्याच्या खिडक्या दिसतात.

कार्यक्रमपत्रिकेत चहापानानंतर सर्वांनी बांधावर जाऊन नामफलकाचं अनावरण करायचं आहे. माझी अध्यक्षांना विनंती आहे की आज बांधावर कुणी जाऊ नये. पाटी कुठे पळून जात नाही. आणि मागच्या रांगांत एवढ्या मुली कशा, असं मघाशी कुणीतरी कौतुकाने म्हणालं. त्या तळमजल्यावरच्या मुली आहेत. मावशी आणि मी त्यांना सामान घेऊन यायला सांगितलं. त्यांच्या पिशव्या खुर्च्यांखाली आहेत. आज रात्री त्यांनी ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर झोपायचं ठरलं आहे. यासाठी मी कुणाची परवानगी घेतलेली नाही.

सर, आपण इथे तलाव बांधायला आला होतात आणि तो बांधलात. त्याचं पाणी पिऊन मी शिकले. आपल्या हयातीत कुणी आपल्या कामाला हात लावू नये असं वाटणं मी समजू शकते. पण तो रिकामा करण्याचा अधिकार आज फक्त आपल्यापाशी आहे, आणि मला वाटतं तो आपल्यालाच शोभेल. कागद नको, सही नको. व्हॉल्व्हवर काम करणारे दादा त्या डाव्या दाराशी उभे आहेत, चाकाची किल्ली त्यांच्या हातात आहे. आपण नुसती मान हलवलीत तरी ते निघतील.

तोवर मी आभार मानते. मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे. त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगू दिल्याबद्दल उपप्राचार्यांचे. सरांचे खिसे इतकी वर्षं रिकामे केल्याबद्दल काकूंचे. पिशव्या भरताना एकही प्रश्न न विचारल्याबद्दल मुलींचे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान कमी झाला असेल, प्रसंगाचं भान सुटलं असेल, तर मला लहान समजून मोठ्या मनाने ते पोटात घाला.

माझं बोलणं संपलं. सर, दादा अजून दाराशीच उभे आहेत.