हात न लावायचं घराणं

वहिनी : म्हणजे तुम्हाला माहीत होतं, भाऊजी.

दीर : वहिनी, आधी बसा तरी.

वहिनी : कुठे बसू? खुर्चीवर तुमच्या वायरींचा ढीग. माहीत होतं की नाही, एवढंच सांगा.

दीर : होतं.

वहिनी : आणि मी सकाळपासून डोकं फोडतेय. नवी रचना आली की आपला प्रोग्रॅम सगळी प्रथिनं पुन्हा जुळवून बघतो. मग प्रथिनांचं हे एकच घराणं जसंच्या तसं कसं राहतं? शेवटी कोड उघडला. तुम्ही चक्क लिहून ठेवलंय, यातल्या या दोन प्रथिनांना हात लावू नये.

दीर : तात्पुरतं लिहिलं होतं.

वहिनी : चार वर्षं तात्पुरतं?

दीर : दादाने लावलेलं घराणं आहे ते. हॉस्पिटलात, लॅपटॉप पोटावर ठेवून. त्याचं शेवटचं काम.

वहिनी : मला सांगता? उशी कुणी लावून दिली होती? डॉक्टर ह्यांच्यावर नाही, माझ्यावर ओरडले. पण तेव्हा त्यातल्या दुसऱ्या प्रथिनाची रचना धूसर होती. आता कुणीतरी स्वच्छ काढलीय. पाहिलीत?

दीर : पाहिली. दोन पट्ट्या उलट दिशेने जातात.

वहिनी : म्हणजे साखळीची घडीच वेगळी.

दीर : वरवर पाहिलं तर अजूनही सारखीच दिसतात हो.

वहिनी : वरवर! लोक आपल्याकडे येतात कशाला? दोन प्रथिनांच्या साखळ्यांची अक्षरं जुळत नाहीत, तरी ती लांबची नातेवाईक आहेत का, ते घडीवरून सांगा म्हणून. आणि आपण तोंडावळा बघून नाती लावायची?

दीर : हजारो नोंदींत एक. कुणाचं काय बिघडलं?

वहिनी : एका बाईंचा फोन आला होता. जंतूंवर काम करतात. आपल्या घराण्यातलं पहिलं प्रथिन साखर तोडतं, म्हणून दुसरंही तोडत असणार असं धरून त्या गेली दोन वर्षं त्याला एकेक साखर घालून बघतायत. काही म्हणजे काही होत नाही. त्यांची विद्यार्थिनी कंटाळून सोडून गेली. आणि त्या मला म्हणतात, ‘आमचंच काहीतरी चुकत असेल, तुमची माहिती चुकायची नाही.’ माफी मागत होत्या, भाऊजी. माझी.

(दीर खुर्चीवरच्या वायरी उचलून जमिनीवर ठेवतो. वहिनी बसत नाहीत.)

दीर : काढतो ती ओळ. पण मग दादाच्या नावापुढे ‘वर्गीकरण रद्द’ असं येईल. कायमचं.

वहिनी : येऊ दे. हातात होतं त्यावरून त्यांनी नीटच जुळवलं होतं. आणि ह्यांच्या नोंदी मी काय पहिल्यांदा बदलतेय?

दीर : तेव्हा तो भांडायचा तरी तुमच्याशी.

वहिनी : भांडायचे ना. लिफ्टमध्ये, गाडीत, कांदा चिरताना. मग दुसऱ्या दिवशी गुपचूप येऊन स्वतःच नोंद बदलायचे. तुम्ही त्यांना पार देव्हाऱ्यात बसवून टाकलंत.

दीर : मला वाटलं, तुम्हाला लागेल.

वहिनी : लागलंच. मला न विचारता माझ्या वतीने ठरवलंत, ते लागलं.

दीर : विचारायला हवं होतं.

वहिनी : आता ते राहू द्या. ओळ काढा.

दीर : काढली. चालू करू?

वहिनी : करा. माझ्याकडे काय बघताय? स्क्रीनकडे बघा.

दीर : पहिलं आपल्या जागी राहिलं. दुसरं बाहेर पडलं. त्याला कुणीच जुळत नाही, वहिनी.

वहिनी : मग त्याला स्वतंत्र घराण्याचा क्रमांक द्या.

दीर : घराण्यात एकटंच. विचित्र दिसतं.

वहिनी : दिसू दे. निदान कुणी त्याची भलती ओळख सांगणार नाही. फोन द्या इकडे, त्या बाईंशी बोलायचंय.

दीर : कुणाची चूक म्हणून सांगणार?

वहिनी : आमच्या घरातली म्हणेन. तेवढं पुरे त्यांना.