फिरणारं प्रवाळ

डिचोलीहून म्हापशाला जाणारी बस सुटायची होती. माझ्या पुढच्या सीटवर पन्नाशीतलं जोडपं बसलं होतं. नवरा तापलेला होता.

"त्या दुकानदाराला सरळ सांगणार, तू दिलेलं प्रवाळ माशांच्या टँकमध्ये फिरतं म्हणून."

"फिरतं?"

"सकाळी दगडाच्या डाव्या बाजूला ठेवून जातो. संध्याकाळी ऑफिसातून येऊन बघतो, तर उजव्या बाजूला! अळंबीसारखं फुलायचं सोडून मिटून बसतं. असंच होत राहिलं तर मरेल गो ते."

"मरेल?"

"सारखी जागा बदलली की मरतंच."

"अहो, दुकानदाराशी भांडू नका."

"का?"

"ते फिरत नाही. मी हलवते. पापड भाजायच्या चिमट्यानं."

"चंद्रावती! मासळी बाजार हाकेवर असताना घरात समुद्र कशाला, म्हणून वर्षभर मला हसलीस ती तूच ना?"

"हसणारच. पण मी आदोळीवर नारळ खवायला बसले की मला त्याची नुसती पाठ दिसते. तुम्हांला सोफ्यावरून फूल, आणि मी काय दगड बघू?"

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर गावभर केलं असतंत, आमच्या हिलाही वेड लागलं म्हणून."

कंडक्टरनं शिट्टी मारली. बस हलली.

"बरं. आता ते उजवीकडेच राहील. कोणी हात लावायचा नाही."

"खरंच?"

"खरंच. पण मी कुठं बसून बघू?"

"आदोळीवर बसा. नारळही खवून होईल."