परतीचा डबा

माहं गाव मूर्तिजापूरच्या पुढं, टेसनावरून दोन कोस पायी, पावसाळ्यात चपला हातात घेऊन चाला लागे असी काळी माती. आमचं घर विहाराच्या मांगं होतं. बाप मजुरीले जाये, माय निंदाले जाये, अन् मी धाकट्या भावाले कडेवर घेऊन शाळेत बसो. चौथीपर्यंत शाळा गावात होती, पाचवीची नाल्यापलीकडच्या गावात, तं बाप म्हणे नाल्याले पूर आला तं पोरीले कोण आणन, झालं, तिथं माही शाळा सरली. अक्षर मात्र चांगलं होतं, गुरुजी दुसऱ्या पोराईले म्हणत मंदाची पाटी पाहा. तोंडानं मी कधी बोलली नाई. पाहुणे आले की मी चुलीमांगं. अजूनही कोणासमोर बोलाचं म्हटलं की मान खाली जाते, म्हणून हे आधी पोरीच्या उरलेल्या वहीत लिवून ठेवलं होतं, कोणाले दाखवाले नाई, असंच, आपल्यापुरतं, अन् आता बाई तुमी म्हणता सांगा, मी उतरवून घेते, तं त्याच वहीत पाहून सांगून राह्यली.

लगन अकोल्यात झालं. काय सांगू तुमाले, मारे तो. लोकाईले वाटते दारू पिऊन मारत असन, पण तो पीत नव्हता, सुद्दीत मारे, अन् मंग हात धुवून जेवाले बसे. एकदा उकळत्या चहाचं गंज माह्या हातावर ओतलं, हा पाहा डाग, मनगटापासून वरपर्यंत. दोनदा माहेरी गेली, दोन्ही वेळा भावानं चार दिवस ठेवलं, नवी साडी घेतली अन् परत नेऊन सोडलं. भाऊ वाईट नाई, त्याले वाटे बहीण नांदली पाहिजे. तिसऱ्या वेळी मी पोरीचा हात धरला, सहा वर्षांची होती, अन् अमरावतीच्या गाडीत बसली. मूर्तिजापूरले गाडी थांबली तं पोरगी म्हणे आई, मामाचं गाव आलं, उतर ना. मी तिले मांडीवर दाबून धरली, अन् गाडी सुटेपर्यंत खिडकीकडं पाह्यलं नाई.

अमरावतीत माही मावशी राहे, एका खोलीत सहा माणसं, त्यात आमी दोघी. पाचव्या दिवशी मावशीच मले गल्लीच्या टोकाच्या प्रार्थनाघरात घेऊन गेली. ख्रिस्ती लोकाईचं प्रार्थनाघर, टिनाचं छप्पर, मांगं दोन खोल्या, दारात पाण्याचा रांजण. तिथं सुशीलाताई, आधी दवाखान्यात नर्स होती, रिटायर झाली, नवरा तिथं पाळक, म्हणजे रविवारची प्रार्थना तेच सांगतात. मले धाक होता की आता नाव विचारतीन, जात विचारतीन, हाताले काय झालं ते विचारतीन. ताईनं एकच विचारलं, जेवली काय वं. मी नाई म्हणून मान हालवली. तं खाऊ घातलं अन् सुपभर तांदूळ माह्यासमोर ठेवले, म्हणे निवड. आठ दिवस मी तांदूळ निवडले, कोणी काई विचारलं नाई. नवव्या दिवशी खडे काढता काढता मीच सांगाले लागली, अन् सांगतच राह्यली, अन् ताई माह्यासंगं बसून निवडत होती. तांदूळ कवाचेच निवडून झाले होते, आमी निवडलेलेच परत निवडत होतो.

तसीच तिथली रीत आहे. मारलेली, जाळलेली, हाकललेली बाई आली की आधी जेवण, मंग हाताले काम, अन् तिचं ती बोलन तवा ऐकाचं. आता तांदळाचं सूप घेऊन नव्या बाईजवळ मी बसते. पोलीस ठाण्यात जायाचं असन, कोर्टात जायाचं असन, तं संगतीले मीच जाते. ताई म्हणते मंदा, तुह्यासारखं गप कोणाले बसता येत नाई. जल्मभर लोक मले घुमी म्हणत आले, अन् इथं त्याचंच काम झालं.

अन् धर्माचं म्हणसान तं मी अजूनही सकाळी घरी वंदना घेते, पौर्णिमेले विहारात जाते. रविवारी प्रार्थनेत मांगच्या चटईवर बसते, गाणी आवडतात मले. एकदा भीत भीत पाळकसाहेबाले विचारलं, मी तुमच्यातली नाई, चालते काय. ते म्हणे मंदाबाई, कोणाले जेवू घालाचं अन् कोणाले नाई याची यादी देवानं आमाले काई करून देल्ली नाई.

गल्लीले मात्र हे पटत नव्हतं. समोर कांताबाईची पिठाची चक्की, दिवसभर घरघर चालू, अन् त्या घरघरीच्या वर कांताबाईचा आवाज. मी झाडाले निघाली की चक्कीतून म्हणे, काय वं घुमे, आज किती बायका बाटवल्या तुह्या ताईनं. रांगेतल्या बायका हासत. मी मान खाली घालून झाडत राहो. पण तिचा नवरा लकव्यानं पडला अन् पाठीले जखमा झाल्या, तं सुशीलाताई रोज सकाळी जाऊन पट्टी बदलून ये, दोन महिने, तो मरेपर्यंत. कांताबाई तवाही म्हणे, मी काई तुमच्या प्रार्थनेले येणार नाई बरं. ताई म्हणे, नको येऊ, पण शनवारी बीपी तपासाले ये. तं ते मात्र ये, अन् रांजणाचं पाणी न पिता जाये.

आता रेखाचं सांगते. अचलपूरची, पंचविशीची पोरगी, एका कानानं ऐकू येत नव्हतं, नवऱ्यानं मारून मारून कान फुटला होता. केस चालू होती, अन् तो तिले शोधत फिरून राह्यला होता. अशा बाईसाठी ताईचे नियम कडक. फोटो काढाचा नाई, फोनवर नाव घ्याचं नाई, पत्ता कोणाले सांगाचा नाई. मले तोंडपाठ होते ते. रेखा तांदूळ निवडे पण बोले नाई. मंग उन्हाळा लागला, आंगणात आमी सरगुंडे कराले बसलो, तुमाले तं माहीत आहे, कणकीची वळी काडीवर गुंडाळाची अन् वाळवाची, मंग शिजवून आमरसासंगं खायाची. तिथं रेखाचा हात चालाले लागला. इतके बारीक, इतके सारखे सरगुंडे मी पाह्यले नाई, अन् प्रत्येकाच्या टोकाले ते एक चिमटा दे. मी म्हटलं हे काहून. म्हणे माही माय देत होती, चिमटा देल्ला की काडीवरून उकलत नाई. तेच तिचं पहिलं बोलणं.

रेखाची अचलपूरची शेजारीण, जिजाबुढी, तिनंच रेखाले त्या घरातून काढून परतवाड्याच्या स्टँडवर आणून गाडीत बसवलं होतं. तेवढ्या एका माणसाले पत्ता माहीत होता. एक दिवस बुढी गाडीनं आली, पोरीले पाहाले, डबाभर भाकरी अन् तिळाची चटणी घेऊन. दोघी लय वेळ हात धरून बसल्या. जायाच्या वक्ती मी डबा घासला, पुसला, अन् माह्या हातून तो रिकामा देववेना. आपल्यात कोणाचा डबा रिकामा परत देतात काय. मायनं लहानपणापासून शिकवलेलं, काई नाई तं गुळाचा खडा टाक. मी इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, खाटेवर सरगुंडे वाळत होते, भरले डबाभर अन् देल्ले. बुढी म्हणे काहून वं बाई एवढे. मी म्हटलं राहू द्या. माह्या मनात आलंच नाई.

रेखा इथं आहे हे बुढीच्या सुनेले माहीत नव्हतं. तिनं दोन दिवसांनी सरगुंडे शिजवले, आमरस केला, अन् आपली रीत, वाटीभर शेजारी नेऊन देल्ले. शेजारी म्हणजे रेखाच्या सासरी. शिजले तरी चिमटा जात नाई. रेखाच्या नवऱ्यानं वाटी पाह्यली, तिच्या हातचा चिमटा ओळखला अन् सुनेले विचारलं कुठून आले. ते बिचारी म्हणे आमच्या सासूबाईनं अमरावतीच्या प्रार्थनाघरातून आणले.

दुसऱ्याच दिवशी दुपारी तो विचारत विचारत आला, मोटरसायकलवर, संगं दोन माणसं. ताई एका बाईसंगं दवाखान्यात गेली होती, पाळकसाहेब अकोल्याले. घरात मी अन् रेखा. मले वाटलं कोणी पत्ता विचाराले आलं, मी दारात गेली. तो हासून म्हणे, रेखाले बोलाव, सरगुंडे लय मस्त झाले होते म्हण. मले एका क्षणात सारं समजलं. मी उंबरठ्यावर बसून घेतलं, आडवे हात करून दोन्ही चौकटी धरल्या. तो म्हणे सरक. मी मान हालवली. तो म्हणे मुकी आहेस काय. त्यानं माहा डागाचा हात धरून ओढला, अन् मी ओरडली नाई, अकोल्यात तेच शिकली होती, न ओरडता धरून राहणं.

तवा चक्की बंद झाली. भर दुपारची, बाराजणींचे डबे रांगेत असताना ते चक्की कधी बंद होत नाई, अन् बंद झाली तं साऱ्या गल्लीले ऐकू आलं की बंद झाली. कांताबाई पिठानं पांढरी झालेली बाहेर आली, तिच्यामांगं रांगेतल्या बायका, कोणाच्या डोक्यावर ज्वारी, कोणाच्या कडेवर गव्हाचा डबा. कांताबाई म्हणे, कोण पायजे रे बापू. तो म्हणे बायको आहे माही, तुमी मधात पडू नका, हे लोक बायका बाटवतात तुमाले माहीत नाई. कांताबाई म्हणे, ते मले नको सांगू, ते मीच साऱ्या गल्लीले सांगत असते. हात सोड तिचा. तो म्हणे नाई सोडत. तं कांताबाई येऊन माह्या बाजूले उंबरठ्यावर बसली, भारी बाई ते, अर्धं दार तिनंच भरलं, अन् तिच्यामांगं बायका आपापले डबे ठेवून पायरीवर बसल्या. म्हणे आता जाय आत, कसा जातं ते पाहू.

अन् मंग माह्या मांगून रेखाचा आवाज आला. आत लपून बस म्हणून मी मनात म्हणत होती, अन् ते चालत आली. म्हणे मी येत नाई. तेवढंच. त्यानं काईतरी म्हटलं, तं ते म्हणे ह्या कानानं मले ऐकू येत नाई, तुले माहीत आहे, पण मी येत नाई. एकीनं तवरोक पोलिसाले फोन केला होता. पोलिसाच्या गाडीचा आवाज ऐकून संगची दोन माणसं आधी सटकली, मंग हाही निघाला. पण पोलिसाईनं मंग त्याले ठाण्यात बोलावलं, पुन्हा येणार नाई म्हणून लिवून द्या लागलं, अन् ते कागद पुढं केसमधी कामी आले.

संध्याकाळी ताई आली. मी तिले सांगतलं, डबा मी भरला होता, माह्यामुळं झालं. ताई माह्याकडं न पाहता खोलीत गेली. ते मले हातापेक्षा जास्त लागलं. मी ठरवलं की आता आपण इथून जावं, आपल्या भोळेपणानं कोण्या पोरीचा जीव जाईन. सकाळी पिशवी भरून सांगाले आली, तं ताई दारात सूप घेऊन बसलेली. म्हणे जेवली काय वं. मी रडली. ताई म्हणे मलेही राग आला होता मंदा, तुह्यावर नाई, माह्यावर, फोटोचं सांगतलं, फोनचं सांगतलं, डब्याचं मलेच कधी सुचलं नाई. म्हणे आता नियम करू, डबे रिकामे पाठवाचे. मी मान हालवली खरी, पण माहा चेहरा पाहून कांताबाई, रांजणाजवळ उभी होती, ते म्हणे रिकामा डबा कसा पाठवाचा ताई, काईतरीच. साखर घाला मूठभर. साखरेवर कोणाचा हात दिसत नाई. अन् पेला बुडवून पाणी पिली.

तवापासून तसंच आहे. इथून बाई आपल्या खोलीत राहाले गेली की पहिल्या दिवशी, अन् मंग सणासुदीले, ताई तिले डबाभर जेवण पाठवते, अन् डबा परत येते साखर घेऊन. धाक असेपर्यंत साखरच, कोणाची वर्षभर येते, कोणाची दोन वर्षं. आमी ते साखर रविवारच्या चहाले वापरतो. कांताबाई अजून प्रार्थनेले येत नाई, चहाले येते, अन् मले अजून घुमीच म्हणते. पोरगी माही आता बारावीले आहे, तिचंही अक्षर चांगलं आहे.

रेखा आता मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते, इथंच अमरावतीत, केस तिच्या बाजूनं निकाली निघाली, कानाचं मशीन बसवलं. तिच्याकडूनही साखरच येत होती. ह्या उन्हाळ्यात डबा आला तं मले हलका वाटला. उघडला तं वरपर्यंत सरगुंडे, अन् एकेकाच्या टोकाले चिमटा. ताईले दाखवला, ताईनं एक उचलून उजेडात धरून चिमटा पाह्यला. मंग आमी दोघीनं शिजवले, वाटीभर समोर चक्कीत नेऊन देल्ले.

फळीवर अजून तीन डबे साखरेचे आहेत. त्या पोरी सुखी राहो, अन् त्यांच्याही डब्यात कधीतरी त्यांच्या हातचं येवो, माहं एवढंच मागणं आहे, ताईच्या देवाजवळ म्हणा, माह्या वंदनेत म्हणा.