घरातल्यासारख्या

आई : ...ते टोक धर. तिकडचं. नुसता उभा राहू नकोस, दोन वाजता माणसं येतील.

मुलगा : चादर राहू दे, आई. मी काय विचारतोय? गेल्या आठवड्यात इथे राहून गेलेल्या त्या बाईंना तू नक्की काय सांगितलंस?

आई : त्यांनी विचारलं तेवढंच. म्हणाल्या, मावशी, इथे किती वर्षं काम करता? म्हटलं, एकेचाळीस. खोटं आहे का? लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून करतेच आहे.

मुलगा : आणि पुढे?

आई : पुढे म्हणाल्या, मालक कसे आहेत? म्हटलं, बरे आहेत स्वभावाने. लहानपणी फार आजारी असायचे, रात्र रात्र मांडीवर घेऊन बसावं लागायचं.

मुलगा : तुला गंमत सुचते. त्यांनी साइटवर एक तारा कापलाय आपल्या घराचा. हे बघ काय लिहिलंय. "घर सुंदर. पण एवढ्या वयाच्या मावशींना वाकून वाकून फरशी पुसताना बघून अवघडल्यासारखं झालं. मालकांनी विचार करावा." सगळ्या जगाला दिसतं हे. पाचाचे चार झाले की आपलं घर यादीत खाली जातं. मग कोण बघतंय?

आई : चार झाले याचं वाईट वाटलं तुला.

मुलगा : वाटणारच ना.

आई : आणि त्याच्याखाली तू काय उत्तर लिहिलंस?

मुलगा : ...ते तुला कुणी सांगितलं?

आई : कालपर्यंत राहायला होती ना, त्या चष्मेवाल्या मुलीने. कौतुकाने वाचून दाखवलं. म्हणाली, मावशी, तुमचे मालक किती चांगले आहेत बघा. आता तू वाच. तुझ्या तोंडून ऐकू दे.

मुलगा : ठरावीक असतं गं ते. सगळेच लिहितात.

आई : वाच.

मुलगा : "आपल्या सूचनेबद्दल आभार. मावशी आम्हाला अगदी घरातल्यासारख्याच आहेत."

आई : सारख्याच.

मुलगा : मग काय लिहू? ही माझी आई आहे आणि मी तिच्याकडून बाथरूम घासून घेतो? लोकांनी शेण घातलं असतं माझ्या तोंडात.

आई : म्हणजे कळतं तुला.

मुलगा : हे बरंय. मी बाई लावली नव्हती का? तीन महिने टिकू दिलं नाहीस तिला. रोज काहीतरी खोडी काढायचीस.

आई : नळाच्या मागे कधी हात घालायची नाही ती. आणि खरं सांगू? ती होती तेव्हा मला पुढच्या खोल्यांत यायला निमित्तच उरलं नव्हतं. एकदा नुसतीच येऊन खिडकीपाशी बसले, तर पाहुण्यांनी तुला फोन केला, कुणीतरी म्हातारी आत शिरलीय म्हणून. आठवतंय? हातात झाडू असला की कुणी काही विचारत नाही. सगळ्या घरातून हिंडता येतं.

मुलगा : ...हे तू कधी बोलली नाहीस.

आई : मी झोपते त्या मागच्या खोलीबद्दल काय लिहिलंयस तिथे?

मुलगा : आई, पुरे ना आता.

आई : काय लिहिलंयस?

मुलगा : साठवणीची खोली. पाहुण्यांसाठी बंद.

आई : बरोबर लिहिलंयस. भिंतीवरून काढलेला तुझ्या बाबांचा फोटोही तिथेच आहे, आणि मीही.

मुलगा : तुला शंभरदा सांगितलं, आमच्याकडे चल. तूच येत नाहीस.

आई : आठ दिवस राहिले की. सूनबाई वाईट नाही हं, उगाच कशाला नाव ठेवू. पण पाणी प्यायला पेला कुठला घेऊ, हेसुद्धा विचारावं लागायचं मला. पाहुणीच झाले होते तिथे.

मुलगा : माझी नोकरी गेली तेव्हा तूच म्हणालीस, घर दे भाड्याने. मी मागितलं होतं का?

आई : म्हणाले. दोन महिने म्हणाले होते. नोकरी लागून तुला आता तीन वर्षं होतील.

मुलगा : मग बंद करू का सगळं? तसं सांग.

आई : बंद कर म्हटलंय का मी? तुझ्या पोरांचं शिक्षण आहे, मला का कळत नाही? मला फक्त तो 'सारख्या' शब्द काढून हवा.

मुलगा : एकदा टाकलेलं उत्तर बदलता येत नाही. नियम आहे साइटचा.

आई : मग तोंडाने सांग. आज येतील त्यांना दारातच सांग, ही माझी आई. एवढं एकदा कर. मग मी आपली मागे जाऊन बसेन.

मुलगा : बरं.

आई : बरं म्हणजे?

मुलगा : सांगतो म्हटलं ना. आता ती उशी दे इकडे.

(बेल वाजते. पाहुणे अर्धा तास आधीच आले आहेत. आईच्या हातात पुसायचं फडकं तसंच आहे.)

पाहुणी : लवकर आलो, चालेल ना? अहो, बघा तरी, फोटोत होतं त्याहून छान आहे घर.

मुलगा : या, या. मेसेजवर मीच बोलत होतो तुमच्याशी. आणि ही... ही माझी आई.

पाहुणी : हो, हो, वाचलंय आम्ही! ते वाचूनच तर हे घर घेतलं. अहो, ऐकलंत का, हे मावशींना आई म्हणतात.

मुलगा : नाही, तसं नाही. खरंच माझी...

पाहुणी : कळतंय हो, मनापासून म्हणताय ते. नाहीतर हल्ली कोण एवढं मानतं कामाच्या माणसांना? मी ह्यांना म्हटलंसुद्धा, घर कसंही असो, आपण पाचच तारे द्यायचे.

मुलगा : ...थँक्यू.

आई : ती बॅग द्या माझ्याकडे. फरशी ओली आहे, जरा जपून या.