तांब्याचा खांदा

शिमगा आटोपला होता. रत्नागिरी स्टँडवर मी मुंबईच्या एशियाडची वाट बघत होतो. मागच्या बाकावर एक काका आणि त्यांची पुतणी बोलत होती.

"राही, त्या प्रयोगशाळेत तू करतेस तरी काय गो?"

"खास धातूच्या विजेच्या तारा तपासते, काका. बर्फाहून कितीतरी थंड ठेवल्या, की त्यांतून वीज जराही न अडता वाहते."

"आणि तापल्या तर?"

"तेच तर भय! तार केसभर सरकली, तरी घासून तेवढी जागा तापते. तापली की वीज अडते, अडली की आणखी तापते. पसरत गेलं तर सगळंच जळायचं."

"मग गो?"

"म्हणून ती तार तांब्याच्या वेष्टणात बसवतात. तार तापली, की वीज तांब्यातून जाते. तांबं भार घेतं, तोवर तार निवते."

"आपल्या पालखीसारखंच की! परवा नाचवताना माझा पाय सरकला, तर भावकीतल्या महिपतने लगेच खांदा घातला. पालखी टेकू दिली नाय. भाऊ खरा!"

"बघितलं मी. काय झटकन आला!"

"पण पुढच्या शिमग्याला मी खांदा देणार नाय. लाज वाटली गो."

समोरून एक गाडी सुटली, तेवढ्यात काकांनीच पुन्हा विचारलं.

"राही, ती तार निवल्यावर बाजूला काढतात काय?"

"छे! वीज आपणहून तिच्याकडेच परतते. तिच्यासारखं वाहून नेणं तांब्याला कुठलं जमायला?"

"असं?"

"असंच."

"गाडी लागली बघ. आण ती तांदळाची पिशवी."

"जड आहे, काका. मी घेते."

"ठेव गो माझ्या खांद्यावर. निवलाय आता."