सोड्याला लागलेल्या मुंग्या

ती : अहो, हे काय वर लटकवलंय? मी दोन आठवडे लेकीकडे काय राहिले, माझ्या स्वयंपाकघरात वटवाघळं टांगलीत?

तो : बरण्या आहेत. जॅमच्या, कॉफीच्या, मधाच्या. तू ओट्याखाली रिकाम्या साठवल्या होत्यास त्याच.

ती : लागतील कधीतरी म्हणून ठेवल्या होत्या.

तो : लागल्या. झाकण फळीला खालून दोन स्क्रू मारून बसवलंय. बरणी धरायची, फिरवली की निघते. बघ करून.

ती : आणि डोक्यात पडली म्हणजे?

तो : आधी माझ्या डोक्यावर घेऊन बघितलंय. फिरव.

ती : अय्या, निघाली की. हे सुचलं कुठून?

तो : कारखान्याच्या स्टोअरमध्ये जन्म गेला माझा. नट-बोल्ट असेच ठेवायचो. लागणारी वस्तू हाताशी हवी आणि डोळ्यांना दिसायला हवी.

ती : कुणाच्या हाताशी? मी काही तुमच्यासारखी ताडमाड नाही.

तो : तुझ्याच. तुझा हात कपड्यांच्या दोरीपर्यंत पोचतो. फळी तिच्यापेक्षा चार बोटं खाली घेतली.

ती : बरं. रिटायर झाल्यापासून नुसत्या येरझाऱ्या घालता असं म्हणायचे, ते मागे घेते. म्हणजे सगळे डबे उपसलेत?

तो : सगळे. आत काय आहे ते बघितल्याशिवाय माल भरायचा नाही, हा नियमच. त्यावरून तुला एक विचारायचंय.

ती : विचारा की.

तो : धुण्याच्या सोड्याला मुंग्या कधीपासून लागायला लागल्या?

ती : कुठला सोडा?

तो : सिंकखाली, ब्रशच्या मागे. डब्यावर ठसठशीत लिहिलंयस, 'धुण्याचा सोडा'. आणि मुंग्यांची ही रांग. म्हटलं, यांना कपडे धुवायचेत की काय.

ती : खाल्लीत का?

तो : आधी तू सांग...

ती : अहो, साखर खाल्लीत का? खरं सांगा. मागच्या वर्षी पायाच्या अंगठ्याची जखम भरता भरेना. पुन्हा चिघळली तर अंगठा काढावा लागेल म्हणाले डॉक्टर. रोज तुमचे तळपाय तपासते ते काय हौस म्हणून?

तो : बोटाला लावून चाखली. साखर की मीठ, कळायला नको?

ती : आणि मग?

तो : मग मुंग्या झटकल्या, साखर बरणीत भरली, हात धुतला.

ती : शपथ?

तो : तुझी शपथ.

ती : घरात एकटे, समोर साखर, आणि तुम्ही नुसते बघत बसलात? मांजरानं दुधाची राखण केली म्हणायची.

तो : पुन्हा लपवून ठेवली असती तर गुपचूप काढून खाल्ली असती. काचेत समोर दिसतेय म्हटल्यावर खायची चोरी झाली.

ती : हं.

तो : पण माझं कोडं सुटलं नाही. साखर मला बंद. तू माझ्याबरोबर बिनसाखरेचा चहा घेतेस. पाहुणे म्हणावेत, तर आपल्याकडे येतं कोण? मग डबा अर्धा झाला कसा? बरं, जुनी असती तर ढेकळं झाली असती. ही चांगली मोकळी आहे.

ती : मुंग्यांनी नेली असेल.

तो : एवढी नेली असती तर मुंग्यांना चालवलं नसतं.

ती : तुमचं स्टोअर सुटलं आता. चौकशी पुरे.

तो : चौकशी नाही गं. नवल वाटतं म्हणून विचारतोय.

ती : दुपारी तुमचा डोळा लागला की एक कप करते. गोड. सिंकपाशी उभ्यानं पिते आणि कप लगेच विसळून ठेवते. झालं समाधान?

तो : उभ्यानं?

ती : मग काय तुमच्यासमोर ऐसपैस बसून पिऊ? तुम्ही तो कडू घोट तोंड वाकडं करून गिळता. तुमची साखर मीच तोडली, आणि मीच गोड पिणार? लाज वाटते मला. चोरून पिते तेव्हा तो धड गोडही लागत नाही.

तो : म्हणजे मी तिकडे घोरतोय आणि तू इकडे...

ती : हसू नका.

तो : हसत नाही. वाईट वाटतंय. आजार माझा, आणि लपाछपी तुझ्या नशिबी.

(ती चहाचं आधण ठेवते. तो फळीखालची एक बरणी फिरवून काढतो.)

ती : ती कशाला काढलीत?

तो : तू बस खुर्चीवर.

ती : तुम्हाला हवीशी वाटेल.

तो : वाटेल. न वाटायला मी काय लाकडाचा आहे?

ती : मग?

तो : मग काय. मी माझा पीन, तू तुझा पी. पूर्वी दोन चमचे घ्यायचीस ना?

ती : दीड. आणि मी पिताना माझ्याकडे बघत बसायचं नाही.

तो : ते मात्र जमणार नाही.