बाबा घटनेत गेले

(जळगाव जामोद, बसस्टँडजवळचा चौक. दुपारचे दोन. पेंटर शेखर स्टुलावर उभा राहून चौकाच्या नावाची पाटी रंगवतोय. खाली काठी टेकून गीताबाई.)

गीताबाई : हे काय लिवलं रे शेखर? ‘कै. उद्धवराव, देशाच्या दुर्घटनेत गेले’?

शेखर : तुमीच त फोनवर सांगतलं माय, बाबा घटनेत गेले म्हनून. नुस्तं ‘घटनेत’ म्हनलं त पोलिसात नाव आल्यावानी वाटे. मी ‘दुर्’ लावला. इज्जतीचं दिसते.

गीताबाई : अरे बाप्पा, घटना म्हन्जे संविधान. माहे बाबा दिल्लीले घटना समितीत होते. देश कसा चालवाचा, थे लिवाले बसले होते.

शेखर : असं हाय का. तरीच सकाळपासून लोकं इच्यारून राह्यले, ट्रक होता का एसटी.

गीताबाई : अन् तू काय सांगतलं?

शेखर : एसटी म्हनलं.

गीताबाई : तुह्यावर काय रागावू. मी पाच वर्साची होती. ‘बाबा कुठी गेले’ इच्यारलं, त आई म्हने, घटनेत गेले. मी रडत रडत गल्लीभर सांगतलं. शेजारची महामाया काकू गळा काढतच आली. आई आपली चुलीपाशी भाकरी थापून राह्यली, कपायभर कुंकू लावून.

शेखर : मंग?

गीताबाई : मंग दिवाईले बाबा आले. त्याइले पाह्यलं अन् काकू कडी लावून घरात बसली. बाबानं खिडकीतून अनारसा देल्ला, तवा दार उघडलं. भूत अनारसा देत नाही म्हने.

शेखर : वा रे काकू.

गीताबाई : हासून घे. पन चार वाजता पाटी उघडाले कलेक्टर येतीन. बाबाचं नाव चौकाले लागाले एवढे वर्सं गेले. माह्या जिवंतपनी दुसरी पाटी होत नाही बापू. हे नीट झालंच पाह्यजे.

शेखर : ‘संविधान’ लिवतो ना. त्यात घोटाळा नाही.

गीताबाई : नाही. ‘घटना’च लिव. बाबा तेच म्हनत.

शेखर : लोकं पुन्हा एसटी इच्यारतीन.

गीताबाई : इच्यारू दे. तू दिवसभर इथंच बसतं ना? सांगत जाय.

शेखर : मी सातवी नापास, माय. मी काय सांगू?

गीताबाई : सांगजो, का हा मानूस दिल्लीले जाऊन एवढं लिवून आला, कलेक्टरले एक मत, त शेखरले बी एक. कमी नाही.

शेखर : बसा माय सावलीत. बाबाचं नाव बारीक झालं. मोठं करून लिवतो.